धंद्याचें मोल : शास्त्र कीं कला?

चालत्या धंद्याची किंमत ठरविणें हें शास्त्र आहे कीं कला, असें वाणिज्य शाखेच्या एका विद्यार्थ्यानें मध्यंतरीं आम्हांस विचारिलें. तर्कशास्त्र शिकविण्यांत ज्याची हयात गेली त्यास असा प्रश्न घालणें म्हणजे धाडसच; परंतु प्रश्नानें आमचा पिच्छा सोडिला नाहीं.

जॉन बर विल्यम्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९३८ सालीं असें प्रतिपादिलें कीं, गुंतवणुकीचें मोल म्हणजे तीपासून पुढें होणाऱ्या सर्व प्राप्तीची आजची किंमत. सिद्धान्त निर्दोष आहे. पण तो वापरूं लागतांच काय होतें पाहा. पुढील वर्षीं मालकाच्या हातीं एक लक्ष रुपये नफा देणारें एक दुकान घ्या. नफा कधींच वाढणार नाहीं व भांडवलावर शेकडा १० सुटावे, असें धरिलें तर त्याची किंमत १० लक्ष. नफा दरसाल शेकडा ५ नें निरंतर वाढेल असें धरिलें कीं तीच २० लक्ष. आणि १० च्या जागीं ८ वर समाधान मानिलें तर ३३ लक्षांवर! गणितांत पैचीहि चूक नाहीं. दुकान तेंच, गल्लाहि तोच. बदललें तें हिशेब करणाराचें भविष्याविषयींचें मत.

मग ही कला म्हणावी काय? १९७२ सालीं वॉरेन बफे व त्यांचे सहकारी यांनीं कॅलिफोर्नियांतील सीज कँडीज हा मिठाईचा धंदा अडीच कोटि डॉलरांस घेतला. त्यांतील मूर्त मालमत्ता अवघी ८० लक्षांची. विक्रेते तीन कोटि मागत होते व ते अडून बसते तर सौदा फिसकटता, हें बफे यांनींच मागाहून कबूल केलें. पुढील ३५ वर्षांत त्या धंद्यानें करापूर्वीं १३५ कोटि डॉलर मिळवून दिले. एवढ्या जाणत्या पारख्याच्या हातूनहि तें रत्न निसटावयाचें थोडक्यांत राहिलें! तेव्हां कलेचाहि फार डौल नको.

आमच्या मतें या वादांत एक सोय आहे. शास्त्र म्हटलें म्हणजे आपलें मत आंकड्यांआड लपवितां येतें, व कला म्हटलें म्हणजे कोणास जाब द्यावा लागत नाहीं. हें आम्ही अनुभवानें सांगतों. परिचयांतील दोघां भावांच्या वाटणींत आम्ही पंच होतों. भांड्यांचें दुकान थोरल्यानें ठेवावें व धाकट्यास हिश्शाची रोख रक्कम द्यावी असें ठरलें होतें. थोरल्याच्या हिशेबनिसानें माल, जागा, येणें सारें चोख मोजिलें. नांवलौकिकाच्या खातीं मात्र शून्य. धाकटा म्हणाला, "दादा, बाबांच्या नांवाची पाटी खालीं उतरवा, म्हणजे हें शून्य मला मान्य." थोरला कांहीं बोलला नाहीं. धाकट्याचा आंकडा जवळजवळ दुप्पट होता. आम्हीं दोहोंच्या मधला सुचविला आणि सर्वांनीं माना डोलाविल्या. तो मधला आंकडा काढावयास आम्हांस शास्त्र लागलें नाहीं, कीं कलाहि लागली नाहीं. रात्र फार झाली होती, एवढेंच.

धाकट्यानें रक्कम मोजून घेतली. पाटी अद्याप तीच आहे.