मुरिदी कधी संपते?

ज्याला मुर्शिद नाही त्याची वाट चुकते, असे सूफी मानत आले. नवख्याच्या बाबतीत हे कुणीही मान्य करील. पण जो स्वतःच गादीवर बसून इतरांना वाट दाखवू लागला, त्याचे शिकणे संपले म्हणायचे काय?

कुरआनच्या सूरह कहफमध्ये हजरत मूसा (अलै.) यांची कथा आहे. पैगंबर असूनही ते इल्मसाठी अल्लाहच्या एका बंद्यामागे निघतात. कुरआनात त्याचे नाव नाही. परंपरा त्याला खिज्र म्हणते. अट एकच : मी सांगेपर्यंत काही विचारायचे नाही. होडीला भोक पाडले गेले, एक मुलगा मारला गेला, पडायला आलेली भिंत सावरली गेली. तिन्ही वेळा मूसांना राहवले नाही. या कथेवरून मुरिदांना गप्प राहण्याचा उपदेश केला जातो. मला तो अपुरा वाटतो. निरपराध जीव जाताना मूसा गप्प राहिले असते, तर ते त्यांना शोभले असते काय? शिवाय त्या गुरूने निरोप घेण्यापूर्वी प्रत्येक कृत्याचा उलगडा केला आणि शिष्याला मोकळे केले. जन्मभराची बैअत मागितली नाही.

म्हणजे गुरूची सोबत संपते. शिकणे मात्र संपत नाही, हे मौलाना रूमींच्या आयुष्यात दिसते. १२४४ साली कोन्यात शम्स तबरेजी भेटले तेव्हा रूमी मदरशात शिकवणारे नामांकित आलिम होते. शम्स नाहीसे झाल्यावर त्यांनी सलाहुद्दीन जरकूब या सोनाराला जवळ केले. तो फारसा शिकलेला नव्हता. त्याचे उच्चारही चुकत, असे सांगतात. शिष्यमंडळी चिडली. आलिमाने सोनारापुढे बसावे, याची लाज त्यांना वाटली. (रूमींना वाटली नाही.) पुढे त्या जागी हुसामुद्दीन चलबी आले. ते तर रूमींचेच मुरीद, आणि त्यांच्याच आग्रहातून 'मसनवी' घडली.

मसले किताबातही सापडतात. पण आपल्यातला गर्व आपल्याला दिसत नाही. तो दाखवायला दुसरा माणूस लागतो. मान वाढत जातो तसतशी तोंडावर खरे बोलणारी माणसे कमी होत जातात. म्हणून मुर्शिदाची गरज मुरिदापेक्षा पीरालाच अधिक, असे मला वाटते.

आपल्याकडे अनेक दर्ग्यांत गादी वारशाने मिळते. तिथे हात चुंबणाऱ्यांची रांग लागते. "हजरत, सध्या आपण कुणापाशी शिकता?" असे त्या रांगेतून कुणी विचारले, तर ती बेअदबी ठरते.