हप्ता समजून घेऊ या

स्वतःचं घर झालं की मन निवांत होतं. गृहकर्जाचा हप्ता खात्यातून आपोआप जात राहतो आणि त्यात काय दडलंय, हे पाहायचं राहून जातं. समजा, साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी ३० लाखांचं कर्ज घेतलं. हप्ता साधारण २६ हजार. पहिल्या हप्त्यातले २१,२५० रुपये नुसतं व्याज. मुद्दल फिटतं पाच हजारांहून कमी. म्हणून सुरुवातीला जादा भरलेला प्रत्येक रुपया मोलाचा. दरवर्षी एकच हप्ता जास्त भरला, तरी हे कर्ज सुमारे तीन वर्षं आधी संपतं. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीसाठी बँक दंडही लावू शकत नाही.

मेंटेनन्स, घरपट्टी, वीजबिल, शाळेची फी यांतून जादा पैसे उरणं कठीण, हे खरंच. पण बोनस किंवा पगारवाढ आली, की तिचा थोडा वाटा कर्जाकडे वळवता येतो. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल, तर ती आधी फेडावी. तिचं व्याज फार जड.

आणि हिशेब घरात सगळ्यांसमोर मांडावा. लपवलेलं कर्ज एकट्याला पोखरतं. सगळ्यांना माहीत असलं, की काटकसरीत मुलंही मनापासून साथ देतात. आज संध्याकाळी कर्जाचं स्टेटमेंट घेऊन घरच्यांबरोबर जरूर बसा.