मांजराच्या काळजीचं काय करायचं?

मराठीत काळजी एकच आहे, पण तिला क्रियापदं दोन लागतात. काळजी करायची असते आणि काळजी घ्यायची असते. इंग्रजीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. आपल्याकडे एकाच शब्दावर भागवावं लागतं, त्यामुळे गल्लत होते. दिवसभर कुणाची तरी काळजी करत बसलं की त्याच्यासाठी काहीतरी केल्यासारखं वाटतं. खरं तर आपण फक्त बसलेलो असतो. ही गल्लत निव्वळ भाषेची आहे की त्यापलीकडेही काही आहे, हा प्रश्न मला एका मांजरीमुळे पडला.

मांजर हरवलं तर काय करावं हे फोनवर शोधलं की थंड देशांमधले सल्ले समोर येतात. बर्फ पडत असताना मांजर ऊब शोधत गाडीच्या बॉनेटखाली शिरतं, म्हणून गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारा, वगैरे. मुंबईत पारा आजवर उतरून उतरून किती उतरला, तर 7.4 अंशांपर्यंत, तोही 1962 च्या जानेवारीत, सांताक्रूझला. चिंचपोकळीतल्या मांजरांसाठी थंडी म्हणजे भर दुपारी पत्र्यावर झोपण्याची सोय. आमच्याकडे जीव घेणारा ऋतू पावसाळा आहे.

5 ऑगस्ट 2020 चा बुधवार दक्षिण मुंबईतल्या लोकांच्या लक्षात असेल. एरवी बुडायचं काम उपनगरांकडे असतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा कुलाब्यात जेमतेम 73 होता. या वेळी उलटं झालं. कुलाब्यात 24 तासांत 330 मिलिमीटरच्या वर पाऊस आणि वाऱ्याचा वेग ताशी 100 किलोमीटरच्या पुढे. मशीद बंदरजवळ लोकल पाण्यात अडकल्या. आमच्या चाळीवरचे पत्रे असे वाजत होते की टीव्हीचा आवाज वाढवूनही काही ऐकू येईना, आणि मग वीजच गेली. संध्याकाळी सातच्या सुमारास आईच्या लक्षात आलं की चिंगी दुपारपासून दिसलेली नाही.

चिंगी आमची आहे असं म्हणणं थोडं धाडसाचं आहे. दूध आमच्याकडे, मासळीची डोकी कोपऱ्यावरच्या आजींकडे, झोप मधल्या जिन्यातल्या मीटरच्या पेटीवर. चाळीतली मांजरं अशीच असतात. त्यांना कुणी पाळत नाही, ती असतात. एकेकाळी तर त्यांच्याकडे कामच होतं. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि उंदीर हा अख्ख्या शहराच्या काळजीचा विषय झाला. त्यानंतर 1898 मध्ये निघालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं ज्या चाळी बांधल्या, त्यांत आजही लोक राहतात. महापालिकेची माणसं आजही रात्री टॉर्च आणि काठ्या घेऊन उंदीर मारायला निघतात. मांजर हे काम बिनपगारी करतं. आमचं परळचं जनावरांचं हॉस्पिटलसुद्धा बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं असलं तरी जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'बैलघोडा हॉस्पिटल'च आहे, कारण तेव्हा शहर बैलांवर आणि घोड्यांवर चालायचं. ट्रामसुद्धा 1874 पासून पुढची कित्येक वर्षं घोडेच ओढत होते. म्हणजे जनावरांबद्दलची आपली संस्थात्मक दया कामकरी जनावरांपासून सुरू झाली. लाडाची जनावरं त्यात मागाहून आली. चिंगी या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसते.

तर ती दिसेना. मी गॅलरीत उभी राहून हाका मारत होते आणि त्या हाका दोन फुटांपलीकडे जात नव्हत्या. तेव्हा समोरच्या खोलीतले नाना दार उघडून म्हणाले, "अगं, माणसांना बेड मिळेनात आणि तू मांजरीसाठी घसा कोरडा करतेयस?"

नानांना मी वाईट म्हणणार नाही. त्या वर्षी आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेलं कस्तुरबा हॉस्पिटल शहरातल्या साथीचं पहिलं ठाणं होतं. त्यांचा धाकटा भाऊ दुसरीकडे ऑक्सिजनवर होता आणि रोज संध्याकाळी एका फोनची वाट बघणं एवढंच त्यांच्या हातात होतं. म्हणजे तेही काळजीच करत होते. प्रश्न त्यांनी विचारला, पण तो जुना आहे आणि सगळ्यांचा आहे: मोठं दुःख शेजारी असताना लहान दुःखाला जागा मागायचा हक्क आहे का?

आपल्याकडे अशा वेळी लगेच संतांच्या गोष्टी काढतात. एकनाथांनी काशीहून कावडीतून आणलेलं गंगेचं पाणी रामेश्वराला वाहायच्या ऐवजी तहानेनं तळमळणाऱ्या गाढवाला पाजलं. नामदेव तर पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले. शाळेत ऐकलेल्या या गोष्टी मला आवडतात, पण त्या नानांना उत्तर म्हणून वापरणं मला लबाडीचं वाटतं. एकनाथांनी पाणी घेतलं ते देवाच्या वाट्याचं. देवाला तहान लागत नाही, निदान गाढवासारखी तरी नाही. कावडीतलं तेच पाणी दुसऱ्या तहानलेल्या माणसासाठी राखून ठेवलेलं असतं तर? गोष्ट याबद्दल काही बोलत नाही. आणि नाना नेमकं तेच विचारत होते.

मला वाटतं, इथे आपली दोन क्रियापदं उपयोगी पडतात. काळजी घ्यायला वेळ, पैसा, माणसं लागतात आणि हे सगळं मोजकं असतं. ॲम्ब्युलन्स एक असेल तर ती माणसासाठीच जाईल. मांजरासाठी कुणी ती मागितली तर मीही भांडेन. तिथे क्रम लावावाच लागतो. काळजी करणं मात्र रेशनच्या दुकानातल्या तांदळासारखं नाही. माझ्या मनातली चिंगी काढून टाकली म्हणून तेवढी जागा नानांच्या भावाला मिळाली नसती. उलट माझा अनुभव असा की ज्या आठवड्यात मी मांजरीसाठी जागी होते, त्याच आठवड्यात मला नानांच्या खोलीतला दिवाही रात्री दोनला दिसायचा. झोपलेल्या माणसाला कुणाचाच दिवा दिसत नाही.

याला एक अडचण आहे आणि ती मी टाळणार नाही. मनातली जागा अमर्याद असली तरी लक्ष अमर्याद नसतं. एखाद्याची काळजी इतकी होते की बाकी सगळे धूसर होतात, हे आपण आयांच्या बाबतीत बघतोच. आणि काळजी करणारा माणूस शेवटी काहीतरी करायला निघतो. त्या रात्री मी खाली उतरून पाण्यात शोधायला निघाले तेव्हा बाबांनी दारात अडवलं. मुंबईच्या पाण्यात उघडी मॅनहोल असतात आणि उंदरांच्या मुतामुळे लेप्टो होतो. मी आजारी पडले असते तर त्या दिवसांत एक बेड माझ्यामुळे अडला असता. अशी मनातल्या मनातली काळजी बघता बघता इतरांच्या वाट्यात हात घालते. बाबांचं मी ऐकलं. मग उरलं फक्त करणं.

ग्रीक-रोमन परंपरेतला एपिक्टेटस, जो गुलाम म्हणून जन्मला आणि तत्त्वज्ञ झाला, तो म्हणायचा की आपल्या हातात काय आहे आणि काय नाही याची वाटणी आधी करा, आणि हातात नसलेल्याचा त्रास सोडा. या हिशेबानं मी झोपायला हवं होतं. वारा माझ्या हातात नव्हता, भरतीही नव्हती. पण ती वाटणी रात्री अकराला करता येते यावरच माझा विश्वास नाही. जागी राहिल्यामुळे मला एकेक जागा आठवत गेली. घाबरलेलं मांजर लांब पळत नाही, जवळच दडून बसतं आणि हाकेला ओ देत नाही. हरवलेली बहुतेक मांजरं घरापासून 500 मीटरच्या आतच सापडतात. मग 500 मीटरमध्ये काय काय आहे? पुलाखालचे गाळे, स्टेशनची भिंत, पाडायला काढलेल्या इमारतीचे पत्रे, मागची गल्ली. एरवी ऑगस्टमध्ये मांडवाच्या फळ्यांखाली आधी बघितलं असतं, पण त्या वर्षी लालबागच्या राजाचीच मूर्ती बसणार नव्हती, तिथे गल्लीतल्या मांडवाची काय कथा. सकाळपर्यंत माझ्याकडे यादी तयार होती. हातात काय आहे हे ठरण्याआधी ते शोधावं लागतं आणि शोधण्याचं काम काळजी करते, असं मी एपिक्टेटसला सांगितलं असतं.

चिंगी यादीतल्या चौथ्या जागी सापडली, दोन दिवसांनी. तळमजल्यावरच्या एका बंद गाळ्यात. मालक गणपतीआधी विलगीकरणात राहावं लागणार म्हणून आधीच कणकवलीकडे गेला होता. शटरच्या आतून आवाज आजींना ऐकू आला, मालकाचा नंबर नानांकडे निघाला. दुसरी किल्ली पानवाल्याकडे आहे एवढं कळायला फोन अकरा वेळा लावावा लागला. ते सगळं नानांनी केलं. आदल्या दिवसाबद्दल आम्ही दोघांनी काहीच काढलं नाही. त्यांचा भाऊ पुढच्या आठवड्यात घरी आला, हेही सांगते, नाहीतर वाचणारा अडकून राहील.

यानंतर घरात दुसरा वाद सुरू झाला आणि माझ्या मते तोच जास्त अवघड आहे. बाबा म्हणाले, आता गॅलरीला जाळी लावू, तिला आतच ठेवू. हे काळजी घेणं आहे की स्वतःची काळजी मिटवणं? जाळी लावली तर झोप बाबांना लागणार. चिंगीच्या वाट्याला काय येणार?

महानुभावांच्या लीळाचरित्रात एक ससा आहे. पारध्यांच्या कुत्र्यांपुढे जीव घेऊन पळणारा तो ससा चक्रधरस्वामींच्या मांडीखाली शिरतो. शरण आलेल्याला स्वामी पारध्यांच्या हवाली करत नाहीत, आणि धोका टळल्यावर त्याला जायला सांगतात. मी ही गोष्ट पुष्कळदा मनात घोळवली आहे. रानात पुन्हा पारधी भेटणार हे स्वामींना ठाऊक नसेल? तरी त्यांनी ससा ठेवून घेतला नाही. मांडीखालची जागा प्रसंगापुरती होती. संरक्षण दिलं म्हणून मालकी आली नाही.

पण चिंगी ससा नाही, हे बाबांचं म्हणणंही खोटं नाही. रान तिचं नाही, तिचं रान आम्हीच दुधाच्या वाटीपर्यंत आणून ठेवलंय. ज्याला आपण आपल्यावर अवलंबून केलं, त्याला 'तू स्वतंत्र आहेस' म्हणून पुरात सोडणं हे स्वातंत्र्याचं फार स्वस्त रूप झालं. आणि तरी 26 जुलैला उपनगरांतल्या तबेल्यांमध्ये मोठ्या संख्येनं मेल्या त्या म्हशी दाव्याला बांधलेल्या होत्या. ज्याला बांधलं त्याला सोडवायला आपण येऊ, अशी खात्री असेल तरच बांधावं. ती खात्री कुणाकडे असते?

त्याच वर्षी, महिन्याभरानं, अमेरिकेत कतरिना वादळ आलं. कुत्र्या-मांजरांना सोबत नेता येत नाही म्हणून अनेकांनी बुडणारी घरं सोडली नाहीत. 2006 मध्ये तिथे कायदा झाला की लोकांना हलवण्याच्या योजनांमध्ये घरातल्या प्राण्यांचाही विचार व्हावा. मला तो कायदा पटतो, त्याचं समर्थन तितकंसं नाही. प्राणी वाचवा म्हणजे माणसं वाचतील, असा तो हिशेब आहे. गाळ्यातून येणारा तो आवाज ऐकताना असा हिशेब कुणाच्या मनात नव्हता, नानांच्याही नाही. आपल्या राज्यघटनेनं 1976 मध्ये नागरिकांच्या कर्तव्यांत प्राणिमात्रांविषयी दया घातली, ती कुठल्याही फायद्याचं कारण न देता. सरकारी मजकुरात एवढा नि:स्वार्थीपणा क्वचित सापडतो.

जाळी शेवटी लागली. तिचा खालचा एक कोपरा आईनं मोकळा ठेवलाय, चिंगी तिथून जाते-येते. हवामान खात्याचा रेड अलर्ट आला की आई तो कोपरा सुतळीनं बांधते आणि चिंगी रात्रभर ओरडते. बाबा म्हणतात, कायमचा बांध. आई म्हणते, अलर्ट उठू दे. गेल्या पावसाळ्यात एकदा अलर्ट ऑरेंज होता, रेड नव्हता, आणि सुतळी हातात घेऊन ती बराच वेळ तिथेच उभी होती.