भीड आणि धीर

दुसऱ्याला त्रास देऊ नये, हा सद्गुण होय. याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. बदलीच्या गावी राहणाऱ्या आम्हां मंडळींच्या अंगी तर तो अधिकच मुरतो. शेजाऱ्याची भाषा निराळी, आप्त शेकडो मैलांवर. अशा स्थितीत अपरात्री कोणाचे दार ठोठावण्याची कल्पनाच आम्हांला अवघड वाटते. परंतु या सद्गुणालाही सीमा आहे. हृदयविकाराच्या झटक्यात ती स्पष्ट दिसते.

छातीच्या मध्यभागी दडपण येते; कळ हातात, जबड्यात वा पाठीत उतरते; दरदरून घाम सुटतो, दम लागतो. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांना कधी छातीत न दुखता केवळ मळमळ वा विलक्षण थकवा जाणवतो. यावर आमचे उत्तर ठरलेले : 'पित्त झाले असेल, सकाळी पाहू.' पण हृदयाची रोहिणी गुठळीने बंद झाली असता तिच्यावर जगणारा स्नायू सकाळची वाट पाहत नाही. तो क्षणोक्षणी मरत जातो. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतील एका मोठ्या चाचणीत, गुठळी विरघळविणाऱ्या औषधाचा सर्वाधिक लाभ झाला तो पहिल्या तासात ते मिळालेल्यांना.

मग असे सोसणे याला धीर म्हणावे काय? ज्यावर इलाज नाही ते मुकाट्याने सोसणे हा धीर. ज्यावर इलाज आहे ते लपविणे ही निव्वळ भीड, आणि भीड ही भिकेची बहीण. तिच्या पोटात थोडा अहंकारही असतो : शंका खोटी ठरली तर हसे होईल! पण ते हसे चार दिवसांचे; उशिराचे मोल मात्र घरच्यांना जन्मभर मोजावे लागते. शिवाय, शेजाऱ्याने मध्यरात्री हाक मारली तर आम्ही रागावू काय? नाही ना? मग तो रागावेल असे मानणे म्हणजे त्याच्या माणुसकीवर अविश्वास दाखविणे होय.

म्हणून नव्या गावी रुजू होताच शाळेची आणि दूधवाल्याची चौकशी करतो, तशीच रात्री ई.सी.जी. काढणारे रुग्णालय कोणते, हीही करून ठेवावी. प्रसंग आलाच तर स्वतः गाडी हाकीत न जाता ११२ वा १०८ हा क्रमांक फिरवावा, आणि शेजारच्या दारावर निःसंकोच थाप मारावी. त्या वेळी मदत मागणे हेच कर्तव्य होय.