भिंतीवर चढवलेल्या बहिणाबाई

अक्कलकुवा मागे टाकून गुजरातकडे निघालं की महामार्गावर खापर लागतं. इथली पोरं पदवीपर्यंत पोचतात तेव्हा त्यांच्या गुणपत्रिकेवर एका निरक्षर शेतकरणीचं नाव असतं. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं गेलं आणि नंदुरबार जिल्ह्यातली महाविद्यालयं त्याच विद्यापीठाखाली येतात. गौरव रास्तच. पण नाव मोठं होत गेलं तशा बहिणाबाई भिंतीवर चढत गेल्या. फळ्यावर सुविचार, लग्नपत्रिकेवर दोन ओळी, भाषणाची सुरुवात. माझ्या मते बहिणाबाई सुविचार सांगतच नाहीत. त्या पारख करतात, आणि त्या पारखीतून देवही सुटत नाही.

मनाचंच घ्या. रामदासांनी मनाला २०५ श्लोक ऐकवले. मनाला समोर बसवलं, गोंजारलं, दटावलं, वाटेला लावलं. बहिणाबाई मनाला उपदेश करायच्या भानगडीत पडत नाहीत. पिकात शिरलेलं वढाळ ढोर हाकलणाऱ्या बाईच्या नजरेने त्या मनाकडे बघतात. खापरच्या आसपास उभ्या ज्वारीत हे रोज दिसतं: काठी उगारली की गाय बांधावर जाते, राखणदाराची पाठ फिरली की परत धाटांत तोंड घालते. तिला नीतिपाठ देऊन उपयोग नसतो, हे शेतकऱ्याला पक्कं ठाऊक असतं. बहिणाबाई मनाचे असे एकेक नमुने मांडत जातात आणि कविता संपवताना मनाला नव्हे, देवाला जाब विचारतात: असली वस्तू तू घडवलीस तरी कशी? भक्ताने देवाला असं विचारणं मराठीला नवं नाही, तुकोबा तर भांडलेच आहेत. मात्र इथे रागाऐवजी कारागिराने दुसऱ्या कारागिराचं काम निरखावं तसं कुतूहल आहे.

सद्गुणाबद्दल त्यांची पद्धत आणखी रोखठोक. एका कवितेत त्या कशाला काय म्हणू नये याची यादीच देतात. द्यायच्या वेळी आखडला तो हात नव्हे, हाक ऐकूनही अडला तो पाय नव्हे, उपाशीपोटी निजवते ती रात्र नव्हे. त्याच रांगेत कपाशीचं बोंड आहे आणि हरिनाम न घेणारं तोंडही. देवाचं नाव आणि उललेलं बोंड यांना एकाच मापाने मोजायला छाती लागते. ज्याचं जे काम ते त्याने केलं तरच त्याला त्याचं नाव लावायचं, एवढंच ते माप. मग सद्गुण हा अंगावर मिरवायचा दागिना राहत नाही.

या बाईचं आयुष्यही याच मापाने गेलं. १८८० साली आसोद्यात जन्म, लहानपणी लग्न, तिशीच्या आतबाहेर वैधव्य, पदरी मुलं. अशा घरी ज्योतिषी हमखास येतो. बहिणाबाई त्याला कवितेतूनच दारातून परत पाठवतात. देवावर पूर्ण भरवसा आणि दैव वाचणाऱ्यावर काडीचा नाही! शिकल्या-सवरलेल्या घरांतून पत्रिका घेऊन फिरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

एक आक्षेप मात्र खरा आहे. संसाराचे चटके सोसल्याशिवाय भाकर नाही, असं त्या सांगतात, आणि तेच सुनेला गप्प बसवायला वापरलं जातं. दोष वापरणाऱ्यांचा आहे. त्यांनी स्वतःच्या भाजलेल्या हाताची गोष्ट सांगितली. दुसऱ्याचा हात तव्यावर धरायची परवानगी कुणाला दिली नाही.

खापरच्या परिसरात ही पारख वेगळ्या वाटेनेही झालेली आहे. सीमेपलीकडे सागबारा तालुक्यात देवमोगरा आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेला सातपुड्यातले आदिवासी बांबूच्या टोपल्यांतून याहामोगी मातेला धान्य आणि मोहाची दारू घेऊन जातात. धान्याची देवी, तिला घरचं धान्य. आणि इकडे तळोदे तालुक्यात मोरवडला १९३०च्या दशकात गुलाम महाराजांनी हजारोंना दारू सोडायला लावली, एकमेकांना ‘आप’ म्हणायला शिकवलं. एकाच मुलखात देवाला दारू वाहणारेही आणि देवासाठी ती सोडणारेही. यांतला खरा धर्म कुठला, हा वाद मला निष्फळ वाटतो. वाहणाऱ्याने पीक आधी देवीपुढे ठेवलं का, सोडणाऱ्याच्या घरातली मारझोड थांबली का, हे विचारावं. बहिणाबाईंनीही हेच विचारलं असतं, असं मला वाटतं.

त्यांची गाणी आपल्यापर्यंत आली ती मुलामुळे. कवी सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ती वेळोवेळी उतरवून घेतली. ३ डिसेंबर १९५१ला बहिणाबाई गेल्या. आचार्य अत्र्यांच्या आग्रहाने आणि प्रस्तावनेसह १९५२ला पुस्तक निघालं. कागद-पेन्सिल घेऊन कुणी बसलं नसतं तर हे सगळं आसोदा-जळगावच्या शेतांतच विरलं असतं.

म्हणून खापर-अक्कलकुव्याच्या मराठी शिक्षकांना एक विनंती. यंदा बहिणाबाई शिकवून झाल्या की मुलांना रसग्रहण लिहायला लावू नका. घरी आजीजवळ वही घेऊन बसायला सांगा. लग्नातली, होळीची, पेरणीची जी गाणी तिला येतात ती तिच्याच बोलीत उतरवून आणू द्या, आणि शुद्धलेखनाचे गुण कापू नका.