साधन आणि साक्ष

साधन सोपें झालें म्हणजे ज्ञान उथळ होतें काय, हा प्रश्न नवा नाहीं. लेखन रूढ झालें तेव्हां पाठांतराच्या अभिमान्यांनीं तो विचारला होता. सांप्रत तो असेंब्ली भाषेच्या, म्हणजे यंत्राच्या एकेका आज्ञेस एकेक सांकेतिक शब्द देणाऱ्या भाषेच्या, अभ्यासाविषयीं आमच्या वर्गांत उपस्थित होतो. आणि एका लहानशा प्रसंगानें त्याचें उत्तर शोधणें आम्हांस भाग पाडलें आहे.

छत्रपती संभाजीनगराच्या पूर्वेस, जालन्याच्या रस्त्यावर, शेंद्रा येथें मोठी औद्योगिक वसाहत आहे. स्कोडा मोटारींचा कारखाना तेथें २००१ सालीं सुरू झाला, आणि पुढें दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्याच्या योजनेंत ‘ऑरिक’ नांवाची नवी नगरीही तेथेंच वसविण्यांत येऊं लागली. मोठ्या कारखान्यांच्या आश्रयानें लहान कर्मशाळा चालतात. त्यांपैकीं एकींत आमचा एक जुना विद्यार्थी नोकरीस आहे. नगामागें मजुरी मिळणाऱ्या कामगारांचे नग मोजण्यासाठीं त्यानें ८०५१ जातीच्या एका स्वस्त मायक्रोकंट्रोलरवर गणक तयार केला. पहिल्याच दिवशीं पाळी संपतांना एका वयस्क कामगारानें आपले तीनशें नग झाल्याचें सांगितलें. गणकावर आंकडा होता चव्वेचाळीस. हातानें मोजणी झाली व नग तीनशेंच भरले. त्या गृहस्थांची मजुरी वांचली. परंतु ते जातां जातां म्हणाले, “साहेब, आज फरक मोठा म्हणून तुम्हीं मोजलं. वीसच नगांचा फरक असता, तर माझं कोण ऐकणार होतं?” या प्रश्नास त्या तरुणाजवळ उत्तर नव्हतें, म्हणून तो आमच्याकडे आला.

कारण साधें होतें. आठ बिटांच्या रजिस्टरांत २५५ पर्यंतचीच संख्या मावते. २५६ वा नग पडतांच तें पुन्हां शून्यावर येतें. तीनशेंतून २५६ वजा जातां ४४ उरतात. हा प्रोग्राम त्यानें स्वतः लिहिला नव्हता. मागणी सांगतांच प्रोग्राम लिहून देणारीं जीं नवीं साधनें निघालीं आहेत, त्यांपैकीं एकाकडून त्यानें तो लिहवून घेतला होता. असेंब्लरनें, म्हणजे सांकेतिक शब्दांचें यंत्रभाषेंत रूपांतर करणाऱ्या साधनानें, तो बिनतक्रार उतरविला. कारण त्यांत व्याकरणाची चूक नव्हतीच.

दोष त्या तरुणाचा, असें कोणीही म्हणेल. आम्हींही प्रथम तसेंच म्हटलें. तेव्हां त्यानें आपलें जुनें प्रॅक्टिकलचें जर्नल पुढें ठेविलें. त्यांत दोन आठ-बिटी संख्यांच्या बेरजेचा प्रयोग सुवाच्य अक्षरांत होता, ‘उत्तर बरोबर आलें’ असा निष्कर्ष होता, आणि खालीं आमची सही होती. तो प्रयोग मित्राच्या वहीवरून उतरविलेला आहे, हें सही करतांनाही आम्हांस ठाऊक होतें. पन्नास वह्या, एक तास, आणि तोंडावर आलेली परीक्षा. आम्हीं सही केली. अशा सह्या आजवर किती केल्या, याचा हिशेब आठ बिटांत मावणारा नाहीं.

आमचे कांहीं स्नेही यावरून असें अनुमान काढतात कीं, सुलभ साधनांनींच विद्येचा घात केला; पूर्वींप्रमाणें मुलांना हातानें यंत्रभाषा लिहावयास लावावी. ही पूर्वींची रीत आम्हांस चांगली परिचित आहे. इंटेल कंपनीच्या १९७६ सालच्या ८०८५ या मायक्रोप्रोसेसरचा संच विद्यार्थ्यापुढें असे. २०० व १०० यांची बेरीज करावयाची, तर तक्त्यांतून शोधून ३ई, सी८, सी६, ६४, ७६ असे पांच आंकडे तो कळा दाबून भरी. पहिल्या दोहोंचा अर्थ ‘रजिस्टरांत २०० ठेव’, पुढील दोहोंचा ‘त्यांत १०० मिळव’, आणि शेवटच्याचा ‘थांब’. या रीतीनें चिकाटी अंगीं येते हें खरें. पण तक्ता वाचतां आला म्हणजे यंत्र समजलें असें होत नाहीं. वर सांगितलेलें जर्नल याच रीतीचें होतें.

शिवाय त्या श्रमांतून सुटण्याची इच्छा आळशांची नव्हती. केंब्रिजच्या ‘एडसॅक’ संगणकावर डेव्हिड व्हीलर यांनीं १९४९ सालींच अक्षरांत लिहिलेल्या आज्ञा यंत्राकडूनच यंत्रभाषेंत उतरवून घेण्याची सोय केली. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत घडविलेला ‘टिफ्रॅक’ संगणक १९६० सालीं कामास लागला. त्याच्या स्मृतींत ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. एवढ्या अरुंद जागेंत काम करणाऱ्यास प्रत्येक शब्द कोठें जातो हें पाहणें प्राप्तच होतें. त्या पिढीच्या ज्ञानाचें मूळ या पाहण्यांत शोधावें, असें आम्हांस वाटतें.

आजचीं चांगलीं साधनें हें पाहणेंच आपणांस परत देतात. ‘जीएनयू सिम ८०८५’ सारख्या विनामूल्य सिम्युलेटरांत एकेक आज्ञा चालवून प्रत्येक पायरीस रजिस्टरांतील मजकूर पाहतां येतो. वरील बेरीज चालवावी: उत्तर ४४ येतें, आणि त्याच क्षणीं ‘कॅरी’ नांवाचें निशाण उभें राहतें. हातचा एक आला आहे, असें यंत्र प्रामाणिकपणें सांगत असतें. नंतर बेरजेऐवजीं एकानें वाढविण्याची आज्ञा वापरावी: २५५ नंतर शून्य येतें, पण कॅरीचें निशाण जागचें हालत नाहीं. आमच्या विद्यार्थ्याच्या मायक्रोकंट्रोलरचीही रीत हीच. ही गोष्ट तर्कानें सांपडत नाहीं. ती एकदां डोळ्यांनीं पाहावी लागते, आणि सिम्युलेटरावर ती पाहण्यास पांच मिनिटें पुरतात.

तेव्हां श्रम वांचविणाऱ्या साधनांशीं आमचें वैर नाहीं. अनर्थ होतो तो त्यांनीं केलेल्या कामाची ग्वाही आपण न पाहतां देतों तेव्हां. ४ जून १९९६ रोजीं युरोपचा ‘एरियान ५’ अग्निबाण पहिल्याच उड्डाणांत सुमारें चाळीस सेकंदांत नष्ट झाला. ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत उतरवितांना ती मावली नाहीं. प्रोग्रामाचा तो भाग ‘एरियान ४’ वरून आलेला होता, व तेथें तो नीट चालला होता. नव्या बाणाच्या उड्डाणमार्गास अनुसरून तो आधीं चालवून पाहिला गेला नव्हता.

यावर एक आक्षेप रास्त आहे. यंत्राचे सर्व थर जाणणारा मनुष्य आज कोठें आहे? हा लेख ज्या संगणकावर लिहिला, त्याच्या अंतरंगाविषयीं आम्हीही बहुतांशीं अज्ञ आहों. विश्वासावांचून कोणाचें एक पाऊलही पडणार नाहीं. परंतु विश्वास आणि ग्वाही या भिन्न वस्तु आहेत. स्वतःपुरता विश्वास फसला तर हानि आपली होते. ग्वाही दिली कीं तिच्यावर दुसऱ्याची मजुरी उभी राहते. म्हणून ज्ञान कोठवर खोल असावें, याचें माप ग्वाहीवरून ठरावें. गणक करणाऱ्यास सिलिकॉनचें भौतिकशास्त्र न आलें तरी चालेल. आपला गणक कोठवर मोजतो हें त्यास आलेंच पाहिजे. आणि जर्नलावर सही करणाऱ्यास सहीखालील विद्यार्थी ठाऊक असला पाहिजे.

त्या तरुणानें गणकास दुसरें रजिस्टर जोडलें. आतां तो ६५,५३५ पर्यंत मोजतो. २५५ नंतर २५६ येतात हें त्यानें त्या वृद्ध कामगारांस शेजारीं उभें करून दाखविलें. आम्हींही आमची रीत बदलली आहे. सही करण्यापूर्वीं सिम्युलेटर उघडून आम्ही विद्यार्थ्यास विचारतों, “आतां कळ दाबली कीं रजिस्टरांत काय दिसेल?” उत्तर चुकलें तरी चालतें, चूक कां झाली हें त्यानें पाहिलें म्हणजे झालें. या रीतीनें एका तासांत पन्नास वह्या होत नाहींत, बारा होतात. उरलेल्या अडतीस वह्यांचें काय, असें आम्हांस विचारण्यांत आलें आहे. त्याचें उत्तर अद्यापि आम्हांजवळ नाहीं. त्या सहीवांचून टेबलावर पडून आहेत.