वैविध्य : दिसण्याचे आणि बोलण्याचे

शासकीय नियमनामुळे दूरचित्रवाणीवरील वैविध्य घटते की टिकते, हा वाद बहुधा शासन विरुद्ध बाजार अशा द्वंद्वात मांडला जातो. तथापि, 'वैविध्य' म्हणजे काय, हे आधी तपासले पाहिजे. त्यासाठी गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकसा महानगरापेक्षा अधिक उपयोगी ठरते.

या परिसरात माडिया गोंड राहतात. त्यांची भाषा द्राविडी कुळातील, गोंडीशी निगडित. आणि गोंडीला आठव्या अनुसूचीत स्थान नाही. १९७३ साली येथे बाबा आमटे यांचा लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. २०१४ साली डॉ. प्रकाश आमटे यांच्यावरील मराठी चित्रपट आला. हेमलकसा पडद्यावर दिसले. परंतु दिसणे म्हणजे बोलणे नव्हे. दिसणारा दुसऱ्याच्या कथनाचा विषय असतो, तर बोलणारा कथनाचा कर्ता.

बाजाराला हा भेद अप्रस्तुत वाटतो. तो प्रेक्षक मोजतो. त्यामुळे वाहिन्या शेकड्यांनी वाढल्या तरी अल्पसंख्य भाषा गणितातून गळते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली प्रक्षेपणलहरींना सार्वजनिक मालमत्ता ठरवले, ते म्हणूनच महत्त्वाचे. जे सर्वांचे आहे, त्यावर माडियांचाही वाटा असणारच.

मात्र नियमनाची भाषाही तपासावी लागते. केबल वाहिन्यांसाठीची कार्यक्रमसंहिता ही प्रामुख्याने निषेधांची यादी आहे. काय दाखवू नये, हे ती सांगते. कोणी बोलावे, याविषयी ती मौन पाळते. १९९० चा प्रसार भारती अधिनियम याच्या पुढे जातो. त्याचे बारावे कलम विविध भाषा-संस्कृतींना पुरेसे स्थान देण्याचे आणि आदिवासी समाजांच्या विशेष गरजा ध्यानात घेऊन कार्यक्रम पुरवण्याचे कर्तव्य सांगते. येथे नियमन वैविध्याच्या बाजूने उभे आहे. तरीही या वाक्यरचनेत आदिवासी संप्रदान विभक्तीत आहे, प्रथमेत नाही. त्याला गरज आहे असे मानले आहे. त्याला काही म्हणायचे आहे असे नाही.

यावर आक्षेप असा, की वाटा ठरवणारे शासन आशयही ठरवू लागेल आणि आदिवासी पथसंचलनातल्या नृत्यापुरता उरेल. आक्षेप रास्त आहे. पण त्यातून नियमनाचा त्याग नव्हे, त्याची मर्यादा निष्पन्न होते. शासनाने बोलण्याचा अवकाश आणि साधने वाटावीत. काय बोलावे, हे बोलणाऱ्यावर सोडावे. माडिया माणूस आपल्या भाषेत, आपल्याला न रुचणारेही काही बोलेल आणि ते प्रक्षेपित होईल, तेव्हाच त्या नियमनाने वैविध्य राखले असे म्हणता येईल.